शंकुपात्रातली सोयरीक

मी व्हिस्कीला शंभरपैकी मार्क देतो, ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना सांगितली जात नाही. बायको म्हणते, लोकांचे नवरे रिटायर झाले की कुंड्यांत झाडं लावतात, देवदर्शनाच्या सहलीला जातात, फारच अंगात असलं तर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे राहतात. आमचे हे बसून दारूचे पेपर तपासतात.

तिचं काही चुकत नाही. माझा उभा जन्म यवतमाळच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेला आणि उन्हाळे बोर्डाचे पेपर तपासण्यात. लाल पेन हाताला असं बसलं की नोकरी सुटली तरी हात मार्क देतच राहिला. भाजीला, लग्नातल्या पंगतीला, एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला त्याला. आणि या बाबतीत मी जन्माचा कंजूस. काठावर अडकलेल्या पोराला तीन मार्कांची ग्रेस देऊन पस्तीसवर न्यायचं तर माझ्या जिवावर यायचं. नियमात आहे म्हणून देतो, मनानं देत नाही, असं मी स्टाफरूममध्ये छातीठोक सांगत असे.

व्हिस्कीचं खूळ मोबाइलनं लावलं. रिटायर झाल्यावर दुपारी झोप येईना, तेव्हा कुठूनतरी एक दाढीवाला गोरा माणूस माझ्या मोबाइलमध्ये आला. तो ग्लासात नाक घालायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, जुनं चामडं, ओलं लाकूड, अंजीर, नाताळचा केक. मग घोट घ्यायचा, छताकडे पाहायचा आणि मार्क द्यायचा. मला तर भरून आलं. रंग, वास, निरीक्षण, अनुमान. बापा, हे तर आपलं प्रॅक्टिकल!

तोवर माझं पिणं म्हणजे वर्षातून दोनचारदा पांढरकवड्याच्या रोडवरच्या ढाब्यावर, मास्तर लोकांच्या टोळक्यात, सोडा घालून आणि वर मूठभर चिवडा कोंबून. दारूची चव कळू नये म्हणूनच तर चिवडा खायचो. आता मात्र मी चव शोधायला निघालो होतो, तेही साठी उलटल्यावर, अर्ध्या दाढा काढून झाल्यावर.

माझ्या साळ्याचा पोरगा परदेशातून आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी एक बाटली आणली. शेरीच्या पिंपात मुरवलेली सिंगल माल्ट. मी बायकोला समजावून सांगितलं की स्पेनमध्ये शेरी नावाची एक वाइन असते, ती लाकडी पिंपात ठेवतात, ती काढून घेतली की त्याच पिंपात ही व्हिस्की बारा वर्षं ठेवतात, म्हणजे पिंपात मुरलेला वास हिला लागतो.

"म्हणजे निंबूच्या लोणच्याच्या बरणीत आंब्याचं लोणचं घातलं," ती म्हणाली.

"तसंच समज."

"बरणी न धुता?"

"धुवायचीच नाही. तोच तर मुद्दा आहे."

"अन् मी न धुता घातलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं तुमी."

आता अशी दारू साध्या गिलासात घेऊन चालत नाही. तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा काचेचा ग्लास लागतो, त्यात वास कोंडतो. यवतमाळच्या सगळ्या भांड्याच्या दुकानांतून मी फिरलो. एका दुकानदारानं मला देवघरातला कंदील दाखवला. शेवटी डोक्यात उजेड पडला. तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळतं, असं पात्र मी जन्मभर हातात धरलं होतं. पाठ्यपुस्तकात त्याला शंकुपात्र म्हणतात, पोरं कोनिकल फ्लास्क म्हणतात. शाळाकॉलेजांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून मी दोन कोरी करकरीत शंकुपात्रं आणली आणि पाण्याचे थेंब टाकायला एक ड्रॉपर. दुकानदार माझाच विद्यार्थी. "सर, ट्यूशन सुरू केली का?" म्हणाला. मी हो म्हणालो.

पहिली चाचणी मागच्या अंगणातल्या टिनाच्या सावलीत झाली. रंग काकवीचा. पात्र हलवून नाकाशी धरलं आणि पहिला वास आला तो चक्क वाळलेल्या मोहफुलांचा. चैताच्या महिन्यात मोहाची फुलं पोत्यात भरून ठेवल्यावर खोलीला जसा येतो, अगदी तसा. मी दचकलो. परदेशी व्हिस्कीला मोहाचा वास कसा येईल? दाढीवाल्यानं तर कधी मोहाचं नाव घेतलं नव्हतं. म्हणून मी मोहा खोडला आणि मनातल्या पेपरवर अंजीर लिहिलं. अंजिराखाली मनुका, संत्र्याची साल, दालचिनी आणि जुनं चामडं. चामड्याचा वास माझ्या चपलांचा असावा, त्या शेजारीच होत्या. बायकोला घोट दिला. "खोकल्याचं औषध," ती म्हणाली. मी चौऱ्याऐंशी मार्क दिले. पंच्याऐंशी देता आले असते, पण हात आखडला.

याच सुमारास आमच्या पोरीनं घरात सांगितलं की तिला लग्न करायचं आहे. पोरगी मारेगावला एका बँकेत आहे, तिथंच खोली करून राहते, शनिवारी घरी येते. मुलगा तिच्याच बँकेतला. पांढरकवड्याच्या अलीकडच्या एका तांड्यावरचा, बंजारा. आमचं घर कापूस-तुरीचं, पिढ्यान् पिढ्या आपल्यातच सोयरीक करणारं. बायको दोन दिवस गप्प राहिली. मी मात्र तिथल्या तिथं हो म्हणालो आणि स्वतःला पुरोगामीपणाचे पंच्याण्णव मार्क देऊन टाकले. या एका पेपरात माझा हात बिलकुल आखडला नाही.

मग पोरगा भेटायला आला. सरळ पोरगं, नजर स्वच्छ, बोलणं कमी. तो गेल्यावर जेवताना मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर. दिसायला चांगला, सुरुवात दमदार, पण मागं रेंगाळत नाही. फिनिश आखूड आहे." मला वाटलं पोरगी हसेल. तिनं ताटातून वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहून भात कालवायला लागली.

पुढच्या रविवारी मुलाकडची दोन मोठी माणसं यायची होती. मुलाचे वडील आणि वडिलांचे काका, जे तांड्याचे नायक होते. पोरीनं मला बजावलं, "बाबा, त्यांच्यात सोयरीक पक्की होते ते गोळ खाऊन. ताटात गोळ ठेवजा. त्यायनं गोळ तोंडात टाकला की झालं. नाही टाकला तर नाही. अन् नायकबाबा नाही म्हणले तर घरचे कोणी पुढं जात नाही, तोही नाही जाणार, मीबी त्याले पुढं जा म्हणणार नाही. बाकी तुमी काहीच करू नका."

माणसाला काहीच करू नका सांगितलं की तो हमखास काहीतरी करतो. मला बाटली आठवली. एवढी मोठी माणसं घरी येणार, त्यांच्यापुढं आपली सगळ्यात उंची वस्तू ठेवावी, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तांड्यावरची माणसं म्हणजे घेणारच, आणि एकदा दोन घोट पोटात गेले की सगळं सुरळीत होईल, असं मी मनात पक्कं धरलं होतं. पंच्याण्णव मार्कांचा पुरोगामी तो मी.

"पयल्या भेटीत दारू काढते का कोणी?" बायको म्हणाली.

"दारू नाही ती, सिंगल माल्ट आहे."

"नाव बदललं म्हणून का गुण बदलते?" म्हणत ती आत गेली, पण पाहुण्यांसाठी जे काय भारी करता येईल ते तिनंही केलं. पाण्यासाठी तिनं सीलबंद बाटल्या आणल्या. आजकाल साक्षगंधाला, बारशाला त्याच देतात, साध्या लोट्यातलं पाणी बरं दिसत नाही म्हणे.

पाहुणे वेळेवर आले. मुलाचे वडील इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, ताठ बसणारे, मोजकं बोलणारे. नायकबाबा ऐंशीच्या घरातले, पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा, हातात काठी. अंगणात जांभळाच्या झाडाखाली आम्ही खुर्च्या टाकल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या दिल्या. मध्ये टेबलावर ताट, ताटात गुळाचे खडे. बायको चहा टाकायला निघाली तर मीच तिला थांबवलं. चहानं जिभेची चव जाते, असं दाढीवाला सांगायचा.

मग मी आतून बाटली आणली, दोन शंकुपात्रं आणली, ड्रॉपर आणला. दोन्ही पात्रं पाहुण्यांपुढं ठेवली. माझ्यासाठी तिसरं नव्हतं, म्हणून मी आपला रोजचा स्टीलचा गिलास घेतला. पाहुण्यांना उत्तम आणि आपल्याला साधं, या माझ्या वागण्यावर मी मनातल्या मनात खूश होतो. शेरी म्हणजे काय, पिंप म्हणजे काय, नाक कसं घालायचं, सगळं सांगितलं. मागच्या बाकावरचं पोरगं झोपलं तरी मी शिकवत राहायचो, तसाच सुटलो होतो. मुलाचे वडील त्या काचेच्या पात्राकडे बघत होते, मग माझ्या स्टीलच्या गिलासाकडे बघत होते.

मी ओतायला लागलो तेव्हा त्यांनी पात्रावर हात ठेवला. "मी घेत नाही, सर. कधीच नाही घेतली."

"कधीच नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मला वाटलं..."

"काय वाटलं, सर?"

त्यांनी अगदी हळू विचारलं. मला उत्तर येत होतं आणि ते सांगता येत नव्हतं. मी ड्रॉपर उगाच दाबत बसलो.

नायकबाबांनी मला सोडवलं. "आना मास्तर, मी घेतो," ते म्हणाले. "पोरीच्या बापानं काढली हाय, वापस कायले न्यायची?" मी त्यांच्या पात्रात ओतली. त्यांनी ते शंकुपात्र दोन्ही हातांनी उचललं, काठी बाजूला ठेवली, जांभळाच्या बुंध्याशी वाकले, पुटपुटत काहीतरी म्हणाले आणि पात्र मातीवर तिरपं केलं. काकवीच्या रंगाची धार मातीत पडली. आणि मी उठून त्यांचं मनगट धरलं.

"अहो, बारा वर्षांची आहे ती!"

नायकबाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझा बाप तिच्याहून जुना हाय, मास्तर," ते म्हणाले. "पयली धार त्याची असते." पात्र त्यांनी टेबलावर ठेवलं, ओठांना न लावता. काठी घेतली.

मी माफी मागितली, चहाचं बोललो, बायको स्वयंपाकाचं बोलली. मुलाचे वडील म्हणाले, उन्हं कलायच्या आत निघतो, विचार करून कळवतो. ते गेले. ताटातला गोळ तसाच होता. तासाभरानं पाहिलं तर त्याला मुंग्या लागल्या होत्या. पोरीनं ते ताट उचललं, नळाखाली धरलं आणि त्याच संध्याकाळच्या बसनं मारेगावला निघून गेली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. तांड्यावरून निरोप नाही. पोरीचा फोन आईला यायचा, आई बोलून ठेवून द्यायची. मी बायकोला म्हणायचो, एवढ्याशा गोष्टीवरून कोणी सोयरीक मोडतं का, म्हातारा तापट दिसतो. दाढीवाला मोबाइलमध्ये येऊन नाक घालायचा, मी त्याला बंद करायचो. मला भीती वाटत होती, सरळच सांगतो. माझ्या हातानं माझ्या पोरीचं जमलेलं मोडलं, ही भीती.

शनिवारी ती आली. डोळ्यांखाली काळं झालेलं. जेवायला बसली आणि अर्ध्या पोळीवर हात थांबला.

"बाबा, तुमी त्यायले मार्क देत होते," ती म्हणाली. "आल्यापासून. मी खिडकीतून तुमचं तोंड पाहून राह्यलती. पेपर तपासतानी असंच असते तुमचं तोंड. त्यालेही दिलते तुमी, अठ्ठ्याहत्तर. मी काहीच नाही बोलली तेव्हा, हेच चुकलं माझं. आता एवढंच सांगा, किती कमी पडले त्यायले?"

ती उठून गेली. बायकोनं माझ्यापुढून ताट ओढलं आणि म्हणाली, "उद्या तांड्यावर जा. अन् ते बाटली घेऊन जा."

"बाटलीनंच तर घोळ केला."

"मंग तिच्यानंच निस्तरा. घरात ठेवली तर रोज दिसन मले."

रविवारी सकाळी मी पांढरकवड्याची बस धरली. बाटली टॉवेलात गुंडाळून, पिशवीत उभी, मांडीवर. रस्त्यानं पळस फुलला होता, पण माझं लक्ष बुचाकडे. लाकडाचं बूच, झिरपलं तर सगळ्या बसला वास. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि, "सर, तुमी?" म्हणाला. या जिल्ह्यात चोरून काही करायचं असेल तर माणसानं मास्तर होऊ नये.

फाट्यावर उतरून ऑटोनं तांड्यावर गेलो. नायकबाबा निंबाच्या सावलीत बाजेवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "ये मास्तर," आणि बाजेवर सरकून जागा केली. तुमी म्हणणारे आज तू म्हणाले, हा राग की आपलेपणा ते मला ठरवता येईना. त्यांनी हाक मारली तसे मुलाचे वडील घरातून आले. आज अंगात साधी बनियन, वावरातून आले असावेत. ते समोर उकिडवे बसले.

वाटेत मी एक छान भाषण तयार केलं होतं. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. ते सगळं कुठं गेलं कोणास ठाऊक. मी मुलाच्या वडिलांना म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं, काय वाटलं म्हणून. मला वाटलं, तांड्यावरची माणसं म्हणजे घेणारच. हेच वाटलं होतं. माझी लाज वाटते मला."

त्यांनी मातीत काडीनं एक रेघ ओढली. मग म्हणाले, "सर, खरं सांगू का? त्याचं एवढं नाही लागलं. लोकायले वाटतेच. नायकबाबाचा हात धरला त्याचंही नाही. तो म्हातारा घरी येऊन हसून राह्यलता. ते काच लागली मले."

"काच?"

"माझ्या बापाले मोठ्या गावात चहाचा कप वेगळा मिळे. कान तुटलेला. तो धुऊन, भिंतीच्या कोनाड्यात ठेवून यायचं. मी लहान असतानी हे पाह्यलं. तुमच्या घरी येतानी मी बायकोले म्हणून आलतो, बाकी काही नाही पाहत, फक्त भांडी पाहतो. तुमी पाणी दिलं ते दुकानच्या बाटलीत. चहा येऊन राह्यलता, तुमीच मागं फिरवला. अन् मंग ते दवाखान्यातलं काचेचं भांडं दिलं आमाले, अन् तुमी आपला घरचा गिलास घेतला."

बोलत होते ते खरं होतं. त्या दिवशी आमच्या घरातलं एकही भांडं त्यांच्या ओठाला लागलं नव्हतं. बायकोनं भारी दिसावं म्हणून बाटल्या आणल्या, मी चव जाऊ नये म्हणून चहा थांबवला, उत्तम पात्र पाहुण्यांना दिलं. एकेक गोष्ट मानाची, आणि सगळ्यांची बेरीज अपमान. निरीक्षण, अनुमान. माझा सगळा जन्म ह्या दोन शब्दांत गेला आणि घरात बसलेला माणूस कुठं बघतोय हे मला दिसलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळतं, वास कोंडतो, यवतमाळभर शोधला, दुकानदारानं कंदील दाखवला. सांगता सांगता मला रडू फुटायला लागलं आणि त्याच वेळी नायकबाबांना हसू. "म्हणजे दारूचा वास घ्यायले शाळेतलं भांडं?" ते म्हणाले. "अन् मी घरी येऊन सांगतलं की मास्तरच्या घरी रक्त-लघवी तपासाचं सामान हाय." मुलाचे वडील तोंडावर हात धरून खाली बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

नायकबाबा म्हणाले, "काढ ते. आता आमच्या भांड्यात घेऊ."

आतून तीन गिलास आले. स्टीलचे, सारखेच, एकाच्या बुडाला पोचा. एकात मुलाच्या वडिलांनी घड्यातलं पाणी घेतलं. दोन माझ्यापुढं ठेवले. मी बूच काढलं, आणि ओतायच्या आधी बाटलीच निंबाच्या मुळाशी तिरपी केली. कुणाच्या बापासाठी, कुणाच्या आजासाठी ते मला ठाऊक नव्हतं. त्या कान तुटलेल्या कपाचा म्हातारा डोळ्यापुढं होता. धार पडत राहिली. नायकबाबांनी माझं मनगट धरलं.

"बस, मास्तर. त्यायले एवढी नाही लागत. जित्यायलेही ठेव."

आम्ही प्यालो. स्टीलच्या गिलासात वास टिकत नाही, दाढीवाल्यानं पाहिलं असतं तर त्याला चक्कर आली असती. तरी मी सवयीनं नाक घातलंच. आणि पुन्हा तोच वास आला, पहिल्या दिवशी मी खोडलेला. "मोहाचा वास येतो," मी म्हणालो. मला वाटलं, निदान हे तरी त्यांना पटेल.

नायकबाबांनी हुंगलं, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "मोहा असा नसते," ते म्हणाले. "हे तं खोकल्याचं औषध हाय." आणि पूर्ण गिलास संपवला.

"आवडली नाही तर ठेवा ना," मी म्हणालो.

"आवडायचा काय संबंध? पोरीचा बाप घेऊन आला." त्यांनी गिलास पालथा घालून दाखवला. मुलाच्या वडिलांनी पाण्याचा गिलास तेवढ्याच आदबीनं संपवला. मी त्यांना विचारलं, धीर करून, पुढं काय समजू? ते म्हणाले, "तुमच्या घरचा गोळ खायचा राह्यला हाय ना, सर. इतवारी येतो. चहा घेऊ पयले." उरलेली बाटली मी तिथं ठेवायला लागलो तर नायकबाबांनी ती माझ्या पिशवीत परत घातली. लग्नात ज्या पाहुण्याला लवकर घरी पाठवायचं असेल त्याला दे, म्हणाले.

बसमध्ये परत येताना मी त्या दुपारला मार्क द्यायला बसलो. रंग कसला होता, वास कोणता, मागं काय रेंगाळलं. आकडा काही जमेना. तांड्याच्या फाट्यापासून यवतमाळच्या स्टँडपर्यंत मी नुसता खिडकीबाहेर बघत आलो.

पोरगी फाटकाशी उभी होती. तिला फोन आधीच आलेला असावा, पण तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. बाटल्यांचं, चहाचं, काचेचं, कान तुटलेल्या कपाचं. ती कपाचं ऐकताना रडली आणि रक्त-लघवीचं ऐकून हसली. मग आम्ही दोघंही पायरीवर बसलो. आतून बायको चहासाठी घरातले जुने कप काढून घासत असल्याचा आवाज येत होता.

"आता मला किती?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पेपर तपासताना तिचंही तोंड माझ्यासारखंच होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"बत्तीस," ती म्हणाली.

मी मान हलवली. बत्तीस बरोबर होते, मीही तेवढेच दिले असते. मी उठायला लागलो तसा तिनं माझा हात धरून मला परत बसवलं.

"तीन ग्रेसचे घ्या," ती म्हणाली. "मनानं देऊन राह्यली."

मी गुपचूप घेतले.